हवामानाच्या वादातला पैसा कोणत्या कागदावर सापडतो

हवामान बदलाच्या वादात तेल, कोळसा आणि वीज कंपन्यांचा पैसा आहे, हे आता कुणाला नव्याने सांगायला नको. पण तो शोधायचा म्हटलं की बहुतेक जण आधी निवडणूक देणग्यांची यादी उघडतात. अमेरिकेपुरतं बोलायचं तर ती चुकीची खिडकी आहे. (या विषयावरची बरीचशी कागदपत्रं अमेरिकेतलीच आहेत. लॉबिंग, म्हणजे कायदे करणाऱ्यांना आपल्या बाजूने वळवण्याचा उद्योग, तिथेच सगळ्यात जास्त होतं असं नाही, पण माहिती उघड करायला लावणारे कायदे आणि कोर्टकचेऱ्या तिथे आहेत.) कंपनीला केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला थेट पैसे देता येत नाहीत. कर्मचाऱ्यांच्या वर्गणीवर चालणारी ‘पॅक’ (राजकीय कृती समिती) देऊ शकते, पण एका उमेदवाराला एका निवडणुकीसाठी फक्त ५,००० डॉलर. एवढ्यात विधेयकातला स्वल्पविरामही हलत नाही. मोठा पैसा नोंदणीकृत लॉबिंग, उद्योग संघटनांची वर्गणी, ना-नफा संस्था आणि जाहिराती यांतून फिरतो. प्रत्येकाचा कागद वेगळा, आणि प्रत्येक कागदाला पडलेलं भोकही वेगळं.

सुरुवात सोप्या कागदापासून करू. १९९५ च्या लॉबिंग डिस्क्लोजर अ‍ॅक्टखाली (एलडीए) कंपन्या आणि त्यांनी नेमलेल्या लॉबिंग फर्म दर तिमाही संपल्यावर २० दिवसांत एलडी-२ हा फॉर्म भरतात. सिनेटच्या वेबसाइटवर तो कुणालाही फुकट बघता येतो. त्यात एकूण खर्च (जवळच्या १०,००० डॉलरपर्यंत पूर्णांकात), विषयाचा कोड, विधेयकांचे क्रमांक, लॉबिस्टची नावं आणि कोणत्या सभागृहाशी किंवा खात्याशी संपर्क झाला ते असतं. नेमक्या कोणत्या खासदाराला भेटले, विधेयकाच्या बाजूने बोलले की विरोधात, आणि एकूण रकमेतला किती भाग कोणत्या विषयावर गेला, हे मात्र नसतं. समजा एखाद्या तेल कंपनीने तिमाहीत २० लाख डॉलर दाखवले आणि खाली पंधरा विषय लिहिले, तर हवामानावर किती गेले हे फॉर्मवरून कळणार नाही. ‘अमुक कंपनीने हवामान कायद्याविरुद्ध इतके कोटी उधळले’ अशा मथळ्यांत पुष्कळदा ही सगळी रक्कमच उचललेली असते.

बेरीज करतानाही पाय घसरतो. कंपनीच्या स्वतःच्या एलडी-२ मध्ये बाहेरच्या फर्मला दिलेली फी धरलेलीच असते, आणि ती फर्म तीच रक्कम आपलं उत्पन्न म्हणून वेगळ्या फॉर्मवर दाखवते. दोन्ही मिळवले की एकच डॉलर दोनदा मोजला जातो. शिवाय खर्च मोजायच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत. कोणती वापरली त्याची फक्त चौकोनात खूण असते. आयकर कायद्याच्या कलम १६२(ई) प्रमाणे मोजणारी संघटना राज्य पातळीवरचं लॉबिंग आणि जनतेला उद्देशून केलेला प्रचारही त्यात धरते, तर एलडीएच्या व्याख्येने मोजणारी कंपनी फक्त केंद्रातलं दाखवते. या दोन आकड्यांची तुलना करून काही सिद्ध होत नाही. आणि विषयाच्या कोडवर विसंबू नका. तेलाची विहीर खोदण्याच्या खर्चावरची करसवलत ‘पर्यावरण’ या कोडखाली सापडणार नाही, ती ‘कर’ या कोडखाली असते. विधेयकाच्या क्रमांकाने शोधलं की जाळ्यात जास्त मासे येतात.

याहून मोठं भोक व्याख्येतच आहे. एका अशिलासाठी तीन महिन्यांत २० टक्क्यांपेक्षा कमी वेळ लॉबिंगला देणाऱ्या माणसाला लॉबिस्ट म्हणून नोंदणी करावी लागत नाही. म्हणून निवृत्त खासदार ‘धोरण सल्लागार’ होतात. कुणाला भेटायचं, काय बोलायचं ते ठरवून देतात, आणि प्रत्यक्ष भेटीला दुसऱ्याच कुणाला पाठवतात.

ब्रसेल्समध्ये चित्र बरोबर उलटं आहे. युरोपीय आयोगाचे आयुक्त, त्यांचं खाजगी कार्यालय आणि महासंचालक यांच्या लॉबिस्टबरोबरच्या भेटी १ डिसेंबर २०१४ पासून प्रसिद्ध होतात. तारीख, संस्था, विषय सगळं मिळतं. खर्च मात्र फक्त ‘अमुक ते तमुक युरो’ अशा पट्ट्यात. वॉशिंग्टनमध्ये रक्कम कळते पण भेट कळत नाही, ब्रसेल्समध्ये भेट कळते पण रक्कम धूसर. दोन्हीकडे वावरणारी कंपनी असेल तर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात.

एवढ्या मर्यादा सांभाळूनही काम झालेलं आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रुल यांनी २००० ते २०१६ या काळातले फॉर्म चाळून हवामानविषयक कायद्यांवर अमेरिकी संसदेत झालेलं लॉबिंग २०० कोटी डॉलरच्या वर काढलं. एकूण लॉबिंगच्या ते ३.९ टक्के. पर्यावरण संस्था आणि अपारंपरिक ऊर्जा उद्योग यांच्यासमोर जीवाश्म इंधन, वाहतूक आणि वीज क्षेत्राचा खर्च साधारण दहास एक. खर्चाचा आलेख दरवर्षी सारखा नाही, हे मला त्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं. कायदा होण्याची खरी शक्यता दिसली की तो उसळतो, आणि शिखर २००९ चं आहे.

त्या वर्षी एच.आर. २४५४, म्हणजे वॅक्समन-मार्की विधेयक आलं. उत्सर्जनावर कमाल मर्यादा आणि परवान्यांची खरेदी-विक्री असा त्याचा सांगाडा. २६ जून २००९ ला प्रतिनिधीगृहात ते २१९ विरुद्ध २१२ असं काठावर मंजूर झालं आणि २०१० मध्ये सिनेटमध्ये मतदानाला न येताच संपलं. त्यावर ७० कोटी डॉलरहून जास्त लॉबिंग झालं. पण कोण बाजूने आणि कोण विरोधात, हे फॉर्म सांगत नाही ही अडचण होतीच. काइल मेंग आणि अ‍ॅशविन रोड या अर्थतज्ज्ञांनी २०१९ मध्ये त्यावर तोड काढली. विधेयक मंजूर होण्याची शक्यता वर-खाली झाली की कोणत्या कंपनीचा शेअर चढतो आणि कोणाचा पडतो, ते त्यांनी पाहिलं. ज्याचा शेअर पडतो त्याचं नुकसान होणार, म्हणजे तो विरोधात, असा हिशोब. त्यांचा निष्कर्ष असा, की फायदा होणाऱ्या आणि तोटा होणाऱ्या दोघांनीही पैसा ओतला, पण तोटा होणाऱ्यांचा पैसा जास्त लागू पडला. लॉबिंगमुळे विधेयक मंजूर होण्याची शक्यता १३ टक्के बिंदूंनी घटली, आणि त्याची समाजाला बसलेली किंमत त्यांनी ६,००० कोटी डॉलर काढली.

तोटा होणाऱ्यांचा पैसा जास्त का लागू पडतो, याचं माझं उत्तर साधं आहे. कायदा करायला समिती, दोन्ही सभागृहं, सही आणि मग न्यायालय एवढ्या पायऱ्या चढाव्या लागतात. अडवायला एक पायरी पुरते. कंपनीला वाद जिंकायची गरजच नसते. पुढच्या अधिवेशनापर्यंत तो चालू राहिला तरी तिचे पैसे वसूल.

आता उद्योग संघटना. कंपनीच्या अहवालात कार्बन कराला पाठिंबा असतो, आणि तिच्याच वर्गणीवर चालणारी संघटना त्याच कराविरुद्ध जाहिराती देते. हा विरोधाभास अपघाताने होत नाही, संघटना त्यासाठीच असते. २०२१ मध्ये एक्झॉनमोबिलचे लॉबिस्ट कीथ मॅकॉय छुप्या कॅमेऱ्यासमोर बोलताना सापडले. कार्बन कर येणार नाही हे कंपनीला ठाऊक आहे आणि पाठिंबा हा फक्त बोलण्यापुरता मुद्दा आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. कंपनीच्या प्रमुखांनी नंतर माफी मागितली.

संघटनेची वर्गणी उघड करणं बंधनकारक नाही. पण करकायद्यात एक फट उपयोगी पडते. लॉबिंगवर गेलेली रक्कम १६२(ई) प्रमाणे करातून वजा करता येत नाही, म्हणून संघटनेला सभासदाला कळवावं लागतं की तुमच्या वर्गणीतला इतका टक्के भाग लॉबिंगचा आहे (नाहीतर स्वतः कर भरावा लागतो). भागधारकांचा रेटा आला की कंपन्या हाच आकडा छापतात. २०२० मध्ये शेव्हरॉनच्या ५३ टक्के आणि २०२१ मध्ये एक्झॉनमोबिलच्या सुमारे ६४ टक्के मतांनी हवामानविषयक लॉबिंगचा अहवाल मागणारे ठराव मंजूर झाले. असा अहवाल हातात आला की तळटीप वाचा. ठरावीक रकमेच्या वरच्याच संघटना दाखवलेल्या असतात, आणि पूर्ण वर्गणीऐवजी फक्त करातून वजा न होणारा भाग दिलेला असतो. कोणत्याही विधेयकाचं नाव न घेता ‘नैसर्गिक वायू म्हणजे स्वच्छ भविष्य’ सांगणारी टीव्हीवरची जाहिरात लॉबिंगमध्ये मोडत नाही. ती या आकड्यात कधीच येणार नाही.

संघटनेच्या आडून जायची सवय संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक हवामान परिषदांतही दिसते. २०२३ च्या दुबईच्या परिषदेत उत्सर्जन-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने शंभराहून जास्त माणसं नेली, त्यात शेल आणि टोटलएनर्जीजचीही होती. या परिषदांतल्या जीवाश्म इंधन लॉबिस्टची मोजदाद दरवर्षी बातमीत येते: ग्लासगोत ५०३, शर्म अल शेखमध्ये ६३६, दुबईत २,४५६, बाकूत १,७७३. दुबईतली उडी सांगताना दोन गोष्टी गाळल्या जातात. तिथे एकूण उपस्थितीच ८०,००० च्या वर होती. आणि आपण कुणाकडून आलो हे नोंदणीत सांगणं त्याच वर्षी सक्तीचं झालं, म्हणजे आधी न दिसलेले लोक दिसू लागले. आधीचे आकडे कमी होते की कमी मोजले गेले, हे त्या यादीवरून ठरवता येत नाही. शिवाय बिल्ला कोणता आहे ते पाहायला हवं. देशाच्या शिष्टमंडळाचा बिल्ला घेऊन आलेल्या माणसाला निरीक्षकांना बंद असलेल्या खोल्यांत जाता येतं.

ना-नफा संस्थांचा कागद म्हणजे फॉर्म ९९०, कर खात्याला दरवर्षी द्यायचं विवरणपत्र. संस्थेला कुणी दिलं ते त्याच्या शेड्यूल बी या जोडपत्रात असतं, आणि लोकांसाठीच्या प्रतीत तिथली नावं झाकलेली असतात. ५०१(सी)(४) प्रकारच्या ‘समाजकल्याण’ संस्थांना तर २०२० पासून ही नावं कर खात्यालाही द्यावी लागत नाहीत. म्हणून घेणाऱ्याच्या बाजूने शोधू नका, देणाऱ्याच्या बाजूने शोधा. खाजगी प्रतिष्ठानाला ९९०-पीएफ मध्ये प्रत्येक अनुदान नावानिशी लिहावं लागतं, इतर संस्थांना शेड्यूल आय मध्ये. वाट तुटते ती दोन ठिकाणी. कंपनीने प्रतिष्ठानाला वगळून थेट स्वतःच्या खात्यातून देणगी दिली तर ती यात कुठेच येत नाही. एक्झॉनमोबिलच्या देणग्या सापडल्या त्या मुख्यतः कंपनी आपला देणगी अहवाल स्वतःहून छापत होती म्हणून. आणि मध्ये डोनर्स ट्रस्टसारखा निधी असेल तर पुढे गेलेल्या पैशावर निधीचं नाव लागतं, मूळ दात्याचं नाही. ब्रुल यांच्या २०१३ च्या अभ्यासात हे आकड्यांत दिसलं. २००८ च्या सुमारास एक्झॉनमोबिल आणि कोक (Koch) या उद्योगपती कुटुंबाच्या प्रतिष्ठानांची माग काढता येणारी देणगी आटली, आणि त्याच काळात डोनर्स ट्रस्टचा वाटा चढत जवळजवळ पावपट झाला.

हा अभ्यास सगळ्यात जास्त चुकीचा सांगितला जातो, म्हणून थोडं थांबतो. त्यातल्या ९१ संस्थांचं वार्षिक उत्पन्न ९० कोटी डॉलरच्या आसपास होतं. बातम्यांत ते ‘हवामान बदल नाकारण्यासाठी वर्षाला ९० कोटी’ असं झालं. यातल्या बऱ्याच संस्था कर, आरोग्य विमा, कामगार कायदे अशा पन्नास विषयांवर काम करतात. त्यातले हवामानावर किती गेले, हे अभ्यासात नव्हतं आणि लेखकाने तसा दावाही केला नव्हता. विरोधक अशाच चुकीवर बोट ठेवून सगळं खोडून काढतात.

विज्ञानाबद्दल शंका पेरण्याचा इतिहास आता बराच माहीत झाला आहे, त्यामुळे त्यात फार रेंगाळत नाही. एक्झॉनच्या शास्त्रज्ञांचे १९७७ ते २००३ दरम्यानचे अंदाज २०२३ मध्ये तपासले गेले तेव्हा त्यांनी दर दशकाला सुमारे ०.२ अंश तापमानवाढ वर्तवल्याचं दिसलं, आणि ते बहुतांशी बरोबर आलं. ग्लोबल क्लायमेट कोअलिशन या कंपन्यांच्या आघाडीला तिच्याच तज्ज्ञांनी १९९५ मध्ये लिहून दिलं होतं, की हरितगृह परिणामाचा शास्त्रीय पाया भक्कम आहे आणि तो नाकारता येणार नाही. संशयवाद्यांचे मुद्दे खोडणारा भाग अंतिम मसुद्यातून काढला गेला.

१९९१ ची एक छोटी मोहीम मात्र जवळून बघण्यासारखी आहे. कोळसा आणि वीज कंपन्यांनी ‘इन्फर्मेशन कौन्सिल फॉर द एन्व्हायर्न्मेंट’ नावाची संस्था काढली. तापमानवाढ ही वस्तुस्थिती नसून केवळ सिद्धांत आहे असं लोकांच्या मनात पुन्हा बसवायचं, हे उद्दिष्ट कागदावर लिहिलेलं होतं. चाचणीसाठी फार्गो, फ्लॅगस्टाफ, बोलिंग ग्रीन अशी गावं घेतली. निकष असे: वीज मुख्यतः कोळशावर, स्थानिक खासदार ऊर्जा किंवा करविषयक समितीवर, आणि जाहिरातीचे दर स्वस्त. लक्ष्यगटही ठरलेले, एक म्हणजे कमी शिकलेले वयस्क पुरुष आणि दुसरा कमी उत्पन्नाच्या तरुण स्त्रिया. देशाचं मत बदलण्याच्या भानगडीत कुणी पडलं नाही. एका समितीवरच्या मोजक्या खासदारांना मतदारसंघातून फोन जावेत, एवढाच हिशोब. आजही चाल हीच आहे, विज्ञानाऐवजी ‘ग्राहकाला परवडेल का’ हा मुद्दा आला आहे इतकंच.

आणि म्हणून माझं लक्ष राजधानीपेक्षा राज्यांकडे जास्त जातं. तिथे दरवाजे लहान, पत्रकार कमी आणि नियम ढिले.

ओहायोचं प्रकरण घ्या. फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या बाजूने सुमारे ६ कोटी डॉलर ‘जनरेशन नाऊ’ या ५०१(सी)(४) संस्थेत गेले. संस्थेची सूत्रं राज्यातले आमदार लॅरी हाउसहोल्डर यांच्या हातात होती. त्या पैशाने २०१८ मध्ये त्यांच्या गटाचे उमेदवार निवडून आणले गेले, जानेवारी २०१९ मध्ये ते राज्याच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती झाले आणि जुलैमध्ये हाउस बिल ६ मंजूर झालं. नाव स्वच्छ हवेचं. त्यात दोन अणुवीज केंद्रांना शंभर कोटी डॉलरच्या वर मदत होती. त्याबरोबर दोन जुन्या कोळसा केंद्रांना ग्राहकांच्या बिलातून अनुदान होतं (त्यातलं एक तर शेजारच्या इंडियाना राज्यात). अपारंपरिक ऊर्जेचं लक्ष्य १२.५ वरून ८.५ टक्क्यांवर आलं आणि ऊर्जा बचतीची सक्ती गेली. लोकांनी हा कायदा रद्द करण्याच्या सार्वमतासाठी सह्या गोळा करायला घेतल्या, तर चीन तुमची वीजव्यवस्था ताब्यात घेतोय अशा जाहिराती सुरू झाल्या. सह्या गोळा करणाऱ्या कंपन्यांना आधीच करारात बांधून घेतलं गेलं. सह्या पुरल्या नाहीत.

अटका जुलै २०२० मध्ये झाल्या. फर्स्टएनर्जीने २३ कोटी डॉलर दंड भरला आणि राज्याच्या वीज नियामक आयोगाचा अध्यक्ष होऊ घातलेल्या माणसाला ४३ लाख डॉलर दिल्याचंही कबूल केलं. हाउसहोल्डर यांना २०२३ मध्ये २० वर्षांची शिक्षा झाली. अणुकेंद्रांची मदत २०२१ मध्ये रद्द झाली, कोळशाचं अनुदान मात्र त्यानंतरही बिलात येत राहिलं. आता फॉर्म ९९० चं वेळापत्रक आठवा: वर्ष संपल्यावर पाचव्या महिन्यात मुदत, वर सहा महिन्यांची वाढ. जानेवारी २०१९ मध्ये आलेल्या देणगीचा कागद नोव्हेंबर २०२० मध्ये दिसू शकतो, आणि तोही दात्याच्या नावाशिवाय. हे प्रकरण फॉर्म वाचून उघड झालं नाही. त्याला एफबीआयचे ध्वनिमुद्रित फोन लागले.

न्यू ऑर्लीन्समधला प्रकार आकाराने लहान आहे. एंटर्जी या वीज कंपनीला शहरात १२८ मेगावॉटचं वायू-वीज केंद्र हवं होतं. २०१७ आणि २०१८ च्या सुनावण्यांना नारिंगी टी-शर्ट घातलेले समर्थक आले, सभागृह भरलं आणि खरे विरोधक बाहेर ताटकळले. नंतर कळलं, की त्यातले बरेच भाड्याचे नट होते. बसून टाळ्या वाजवायचे ६० डॉलर, उठून बोललं तर २००. एंटर्जीने जनसंपर्क फर्म नेमली, फर्मने गर्दी पुरवणारी दुसरी कंपनी. त्यामुळे आम्हाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहिली. नगर परिषदेने ५० लाख डॉलर दंड लावला, केंद्र मात्र झालं. नेमकी हीच जनसंपर्क फर्म २००९ च्या वॅक्समन-मार्की काळातही होती. तिच्या उपकंत्राटदाराने स्थानिक संघटनांच्या लेटरहेडवर खोटी पत्रं करून खासदाराला धाडली होती, आणि मूळ अशील म्हणजे कोळसा-वीज उद्योगाची आघाडी होती. उपकंत्राट दोन थर खाली गेलं की नाव बिलावर उरत नाही.

वीज कंपन्यांच्या बाबतीत आणखी एक तिरपागडी गोष्ट अशी, की लॉबिंग करणाऱ्या संघटनेची वर्गणी पुष्कळदा ग्राहकांच्याच दरात वसूल होते. कोलोरॅडो, कनेटिकट आणि मेन या राज्यांनी २०२३ मध्ये याला बंदी घातली. इतरत्र दरवाढीच्या सुनावणीतच ते पकडावं लागतं. केंद्रीय लेखापद्धतीत राजकीय कामाचा खर्च खाते ४२६.४ मध्ये टाकायचा असतो, तो भागधारकांच्या माथी. पण संघटनेची वर्गणी खाते ९३०.२ मध्ये, ‘संकीर्ण सामान्य खर्च’ म्हणून बसवली जाते आणि तिथून दरात शिरते. सुनावणीत हस्तक्षेप करणाऱ्यांनी आधी ९३०.२ चा तपशील मागावा आणि त्यासोबत संघटनेने पाठवलेलं वर्गणीचं मूळ बिल मागावं. लॉबिंगचा टक्का १६२(ई) मुळे कळवावाच लागत असल्याने तो त्या बिलावर किंवा त्यासोबतच्या पत्रात लिहिलेला असतो. त्या टक्क्याइतकी रक्कम ४२६.४ मध्ये गेली आहे का, एवढं जुळवून पाहिलं की पहिला आक्षेप तयार होतो. मग उरलेल्या वर्गणीत जाहिराती आणि ‘जनजागृती’ किती, हा दुसरा प्रश्न टाकायचा. त्याचं उत्तर सहसा लवकर येत नाही, म्हणून तो पहिल्याच फेरीत टाकलेला बरा.